कोरा रकाना कोरा राहत नाही

मेडिकल कोडिंगबद्दल आपल्याकडे दोन समज आहेत आणि दोन्ही उथळ आहेत. पहिला बहुतेक डॉक्टरांचा. कोडिंग म्हणजे बिलाची कारकुनी, उपचार नीट झाले की कागदाचे काय ते कागदवाले बघतील. दुसरा समज कोडिंगच्या क्लासच्या जाहिरातींचा. कोड जितका बारीक, तितकी माहिती अचूक. पुण्यात, नवी मुंबईत, हैदराबादेत बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट वाचणारे होमिओपॅथी, फिजिओथेरपी, फार्मसीचे तरुण पदवीधर हा दुसरा समज घेऊन कामाला लागतात आणि रोजच्या टार्गेटखाली दबून काही महिन्यांत पहिल्यावर येऊन पोचतात.

माझे म्हणणे वेगळे आहे. डॉक्टरने जे लिहिले नाही, ते कोडच्या व्यवस्थेत कोरे राहत नाही. व्यवस्थेचे नियम त्या मौनाचे विधान करून टाकतात आणि पुढे ते विधान तपासून लिहिलेल्या निदानाइतक्याच थाटात फिरते. त्यामुळे कोड कोडर घालत असला, तरी निदानाचा निर्णय डॉक्टरच घेतो. लिहून घेतो किंवा न लिहून घेतो, एवढाच फरक.

हे दाखवायला मांडीच्या हाडासारखे दुसरे उदाहरण नाही. शरीरातले हे सर्वांत लांब आणि सर्वांत दणकट हाड. पंचविशीतल्या माणसाचे ते मोडायला मोटारसायकलची धडक किंवा इमारतीवरून पडणे लागते. पंचाहत्तरीतल्या बाईचे ते न्हाणीघरात पाय घसरून मोडते. कागदावर दोघांचेही ‘फ्रॅक्चर फीमर’. प्रत्यक्षात ही दोन निराळी दुखणी आहेत. पहिल्यात हाड चांगले होते आणि आघात मोठा होता. दुसऱ्यात आघात क्षुल्लक होता आणि हाड आधीच गेलेले होते.

१. एका कोडात किती प्रश्न

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून निदानांसाठी आयसीडी-१०-सीएम ही संहिता चालते. मूळ आयसीडी-१० जागतिक आरोग्य संघटनेची. ‘सीएम’ हे अमेरिकेने तिचे केलेले विस्तारित रूप. तीत मांडीच्या हाडाच्या आघातजन्य मोडतोडीचे घर एस७२. एस७२.० म्हणजे हाडाचे डोके व मान, एस७२.१ खुब्याजवळच्या उंचवट्यांचा भाग, एस७२.२ त्याखालचा, एस७२.३ दांडा, एस७२.४ गुडघ्याकडचे टोक.

एस७२.१४१ए हा कोड घ्या. हाड मांडीचे. जागा दोन उंचवट्यांच्या मधली, म्हणजे खुब्याची. तुकडे सरकलेले. बाजू उजवी. शेवटच्या ‘ए’चा अर्थ, जखम बंद आहे आणि सक्रिय उपचार चालू आहेत. सात स्थानांत पाच प्रश्नांची उत्तरे बसली. याच जागेच्या फ्रॅक्चरसाठी सरकलेले-न सरकलेले आणि उजवी-डावी-अनिर्दिष्ट यांच्या सहा जोड्या होतात, आणि प्रत्येकीला सातव्या स्थानी सोळा अक्षरांपैकी एक लागते. एका जागेसाठी ९६ कोड. जुन्या आयसीडी-९-सीएममध्ये याच दुखापतीला दोनच कोड होते, एक बंद जखमेचा आणि एक उघड्या.

दोनाचे शहाण्णव झाले म्हणून ज्ञान अठ्ठेचाळीस पटींनी वाढले, असे कोणाला वाटत असेल तर त्याने पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा.

२. मौनाचे नियम

संहितेत गृहीतके स्पष्ट लिहिलेली आहेत. त्यात लपवाछपवी नाही. मांडीच्या हाडापुरती तीन पाहू.

फ्रॅक्चर बंद की उघडे हे डॉक्टरने लिहिले नसेल, तर ते बंद धरायचे. तुकडे सरकले की नाही हे लिहिले नसेल, तर ते सरकलेले धरायचे. आणि जखम उघडी आहे एवढेच लिहिले, प्रकार लिहिला नाही, तर सातवे अक्षर ‘बी’ द्यायचे. हे अक्षर उघड्या फ्रॅक्चरांच्या गुस्तिलो वर्गीकरणातल्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराचे आहे. तिसरा प्रकार, म्हणजे मांस फाटलेले, हाड उघडे पडलेले, कधी रक्तवाहिनीही तुटलेली, त्याला ‘सी’.

आता महामार्गावरच्या अपघातातला तरुण डोळ्यांपुढे आणा. मांडी फाटून हाड बाहेर आले आहे. रात्री दोन वाजता सर्जनने लिहिले, ‘उघडे फ्रॅक्चर, दांडा, उजवा’. लिहिले त्यात खोटे काही नाही. पण कोडमध्ये हा माणूस एका सेंटिमीटरहून लहान जखम असलेल्याच्या पंगतीत जाऊन बसला. पुढे त्याला जंतुसंसर्ग झाला, तीनदा शस्त्रक्रिया झाली, तर आकडेवारी विचारणार, साध्या जखमेत या हॉस्पिटलात एवढा संसर्ग का? सर्जन त्या अहवालावर चिडेल. तो आकडा त्याच्याच रात्रीच्या ओळीतून निघाला आहे, हे त्याच्या ध्यानातही येणार नाही.

हे नियम मूर्खपणाचे नाहीत. लाखो नोंदी मोजायच्या तर रिकाम्या जागेचे काहीतरी ठरवावेच लागते. बहुसंख्य फ्रॅक्चर बंदच असतात, म्हणून बंद धरणे शहाणपणाचेच. माझा आक्षेप नियमावर नाही. नियमाने भरलेले आणि डॉक्टरने तपासून लिहिलेले हे दोन्ही कोड अंतिम यादीत हुबेहूब एकसारखे दिसतात, यावर आहे. ‘ए’ पाहून कोणालाही सांगता येत नाही की जखम बंद होती म्हणून ते अक्षर आले, की कोणी पाहिलेच नाही म्हणून.

३. सर्वांत महाग मौन : का मोडले?

वरची तिन्ही मौने निदान एक्स-रे आणि टाक्यांच्या नोंदीवरून उकलता तरी येतात. चौथे तसे नाही.

आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत मार्गदर्शक सूचना सांगतात की ज्या रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस असल्याचे माहीत आहे आणि ज्याचे हाड किरकोळ पडण्याने मोडले आहे, तिथे एस७२ हा आघाताचा कोड घालूच नये. ते पडणे निरोगी हाड मोडायला पुरेसे नसेल, तर एम८० गटातला कोड घालावा. वयपरत्वे आलेल्या ऑस्टिओपोरोसिसमुळे उजव्या मांडीचे हाड मोडले, तर एम८०.०५१ए. एस म्हणजे दुखापतींचे प्रकरण, एम म्हणजे हाडे-स्नायूंच्या आजारांचे. अक्षर बदलले की माणूस अपघातग्रस्तांच्या वहीतून आजाऱ्यांच्या वहीत जातो.

पण सूचनेतले ‘माहीत आहे’ हे शब्द सगळी गोची करतात. माहीत असणे म्हणजे डॉक्टरने लिहिलेले असणे. कोडरला एक्स-रेच्या अहवालात ‘हाडाची घनता कमी’ असे दिसले, औषधांच्या यादीत हाडे बळकट करणारे अलेंड्रोनेट दिसले, वय ८१ दिसले, तरी त्याला निदान करण्याचा अधिकार नाही. अहवालावरून तो फार तर मोडलेल्या जागेचा तपशील नेमका करू शकतो. आजार जोडू शकत नाही. आणि हे बरोबरच आहे. निदान करणारा कोडर कोणालाच नको.

मग चार्टवर काय असते? ‘बाथरूममध्ये घसरून पडल्या. उजव्या खुब्याचे फ्रॅक्चर. रॉड टाकला. स्थिती समाधानकारक. घरी सोडले.’ एकही वाक्य चुकीचे नाही आणि निदान मात्र गायब आहे. कोडरच्या हातात एस७२.१४१ए आणि पडण्याचा बाह्य कारणाचा कोड उरतो. एक आजार अपघात म्हणून नोंदला गेला.

याची किंमत कागदावर मोजायची नाही. खुब्याचे हाड एकदा मोडलेल्या वृद्ध माणसाला दुसरे फ्रॅक्चर होण्याचा धोका बराच वाढलेला असतो. वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण पाचात एकाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, असे निरनिराळ्या देशांतली आकडेवारी सांगते. हाडे बळकट करणारी औषधे उपलब्ध आहेत, आणि तरी अशा फ्रॅक्चरनंतर ती सुरू होणारे रुग्ण जगभर अल्पसंख्यच आहेत. कारणे अनेक असतील. पण एक अगदी ढोबळ आहे. पुढच्या डॉक्टरच्या हाती जो कागद पडतो, त्यावर आजाराचे नावच नसते. बरी झालेली दुखापत कोणी पुन्हा औषधाने बरी करायला जात नाही.

४. वर्गीकरणाचाही दोष आहे

इथे सगळे खापर डॉक्टरवर फोडणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. एम८०.०५१ या कोडात मांडीचे हाड आहे, बाजू आहे. पण मान, खुबा की दांडा, हे सांगायची सोयच नाही. बंद-उघडे, सरकलेले-न सरकलेले हेही नाही. एस७२मध्ये जागेसाठी एवढा पसारा, आणि एम८०मध्ये अख्ख्या मांडीला एकच खोली.

म्हणजे या संहितेत ‘कुठे’ नीट सांगितले तर ‘का’ जाते आणि ‘का’ सांगितले तर ‘कुठे’ जाते. खुब्याच्या फ्रॅक्चरांचा अभ्यास करणाऱ्याने फक्त एस७२ मोजले, तर त्याच्या मोजणीतून नेमके तेच रुग्ण गळतात ज्यांचे निदान डॉक्टरने काळजीपूर्वक लिहिले. जे हॉस्पिटल चांगली नोंद करते, तिथे खुब्याची फ्रॅक्चरे कमी झाल्याचा भास होतो! बारीक कोड म्हणजे अचूक माहिती, हा समज इथे मोडतो. बारकावा कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे माणसांनीच ठरवलेले आहे, आणि तो त्यांनी रॉड-प्लेटचा निर्णय करणाऱ्या माहितीला दिला. आजाराच्या वाट्याला तो आला नाही.

पैशाची रचनाही त्याच दिशेची आहे. अमेरिकन हॉस्पिटलला मेडिकेअर या सरकारी विम्याकडून मिळणारी रक्कम रोगनिदान-गटावरून ठरते. खुबा-मांडीच्या शस्त्रक्रियांचे ४८० ते ४८२ हे गट घ्या. कोणत्या गटात जायचे हे मुख्यतः शस्त्रक्रियेवरून आणि सोबतच्या गुंतागुंतींवरून ठरते. म्हणून कोडिंग विभागाच्या क्वेरी, म्हणजे डॉक्टरला पाठवलेले खुलाशाचे प्रश्न, जातात त्या रक्तक्षय, कुपोषण, मूत्रपिंडाची इजा यांच्यासाठी. हाड ठिसूळ होते का, असे विचारणारी क्वेरी गटाला फारसे हलवत नाही. जे हलवत नाही, ते विचारायची घाईही नसते.

५. ‘का’ची आणखी दोन टोके

ऑस्टिओपोरोसिस वृद्धापकाळाचा भागच आहे, तो लिहिला काय न लिहिला काय, असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रकरण मुद्दाम सांगतो. अलेंड्रोनेटच्या जातीची औषधे अनेक वर्षे घेतलेल्या काही थोड्या रुग्णांत मांडीचे हाड खुब्याखाली किंवा दांड्यात, जवळजवळ काहीच न लागता, आडवे मोडते. बाहेरच्या बाजूने चीर सुरू होते, हाडाची भिंत तिथे जाड झालेली असते, आधी काही आठवडे मांडी दुखत असते, आणि बऱ्याचदा दुसऱ्या मांडीतही तेच शिजत असते. याला असामान्य फ्रॅक्चर म्हणतात. अमेरिकन हाडसंशोधन संस्थेच्या गटाने २०१० मध्ये आणि सुधारून २०१३ मध्ये त्याचे निकष दिले, आणि संहितेत एम८४.७५ हे त्याचे घर ऑक्टोबर २०१६ पासून आले.

आता दोन म्हाताऱ्या शेजारच्या खाटांवर आहेत. दोघींच्या मांडीत रॉड टाकलेला. दोघींच्या कागदावर ‘दांड्याचे फ्रॅक्चर, पडल्यामुळे’. एकीला औषध सुरू करायचे आहे, दुसरीचे तेच औषध बंद करायचे आहे आणि तिच्या चांगल्या पायाचा एक्स-रे काढायचा आहे. कागदाने दोघींना एक केले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे दोघींच्या बाबतीत खरे असूनही.

दुसरे टोक वयाच्या सुरुवातीला आहे. अजून चालू न लागलेल्या बाळाच्या मांडीचे हाड मोडले, तर ते का मोडले हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकन अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीची सूचना अशी की ३६ महिन्यांखालच्या मुलात मांडीच्या दांड्याचे फ्रॅक्चर दिसले, तर मारहाणीची शक्यता तपासावीच. संहितेत संशयित छळासाठी टी७६ आणि निश्चित छळासाठी टी७४ असे वेगळे कोड आहेत. डॉक्टरने ‘खाटेवरून पडला’ एवढे आईबापांचे वाक्य उतरवून घेतले, तर तेवढेच सत्य ठरते. तिथे न विचारलेल्या प्रश्नामुळे मूल पुन्हा त्याच घरी जाते.

६. सातवे अक्षर, थोडक्यात

सातव्या अक्षरावर कोडिंगच्या वर्गांत सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून इथे कमी घालवतो. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ यांना ‘प्रथम भेट’ म्हणतात आणि नव्या कोडरला वाटते, पहिल्यांदा आलेला रुग्ण. तसे नाही. सक्रिय उपचार चालू असेपर्यंत तीच अक्षरे, मग डॉक्टर दुसरा असो की हॉस्पिटल तिसरे. नंतरच्या भेटींत ‘डी’पासून पुढे, हाड नीट जुळते आहे, उशिरा जुळते आहे, जुळलेच नाही, वाकडे जुळले, अशी विभागणी. कागदावर प्रत्येक वेळी ‘फॉलोअप, एक्स-रे पाहिला’ एवढेच असेल, तर सारेच रुग्ण ‘डी’, म्हणजे ठीक जुळत असलेले. न जुळलेले हाड आकडेवारीत आणायचे तर कोणीतरी ‘जुळले नाही’ हे काही महिन्यांनी धीर करून लिहावे लागते. स्वतः केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल ते लिहिणे कोणालाही जड जाते, हे समजण्यासारखे आहे.

७. मृत्यूच्या दाखल्यावर

इथून विषय सरळ आपल्या दारात येतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते; हॉस्पिटलातल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्यासाठी ४ अ. पहिल्या भागात तात्कालिक कारण वर, आणि खाली उतरत जाऊन मूळ कारण. ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे कारण लिहू नये, कारण ती मरण्याची रीत आहे. ही सूचना नमुन्यातच असते आणि तरी तसे किती दाखले निघतात, हे नोंदणी कार्यालयातल्या कोणालाही विचारा.

खुबा मोडल्यावर तीन आठवड्यांनी अंथरुणातच न्यूमोनिया होऊन गेलेल्या आजींच्या दाखल्यावर वर न्यूमोनिया, खाली खुब्याचे फ्रॅक्चर, त्याखाली घसरून पडणे, आणि हाड ठिसूळ होते तर ऑस्टिओपोरोसिस, अशी साखळी हवी. आंतरराष्ट्रीय नियम असा की मृत्यू दुखापतीमुळे असेल तर मूळ कारण म्हणून बाह्य कारण मोजायचे, दुखापतीचा एस-कोड नव्हे. ‘पडल्या’ हे लिहिले तर पडण्याचा कोड. फ्रॅक्चर लिहिले पण पडणे राहिले, तर एक्स५९.०, म्हणजे ‘अनिर्दिष्ट कारणाने हाड मोडले’. फ्रॅक्चरच राहिले, तर नुसता न्यूमोनिया. एकाच बाईचा एकच मृत्यू. लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे तो फुप्फुसाच्या आजारात, अपघातात किंवा कुठल्याच कामाच्या नसलेल्या रकान्यात जातो. आणि मग आपण म्हणतो, आपल्याकडे हाडाच्या ठिसूळपणाने कोणी मरत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

*पहिला : आपल्याकडे कोडवर पैसे मिळत नाहीत, तेव्हा हा अमेरिकेचा प्रश्न आहे.* अर्धे खरे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये पैसे शस्त्रक्रियेच्या पॅकेजवर मिळतात. पण त्यानेच आपला धोका वाढतो. पॅकेजचा कागद विचारतो, काय टाकले : रॉड, प्लेट की कृत्रिम बॉल. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे जोडला की दावा पूर्ण. ‘का’ विचारायला अमेरिकेत निदान एम८० नावाचे दार तरी आहे. शिवाय आपल्याकडे कागदाचे वाचक जास्त. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणे ही जबर दुखापत आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या ३२० मध्ये होते. मोटार अपघात दाव्यात अपंगत्वाच्या टक्केवारीचा वाद याच कागदांवरून होतो. एका कार्डावर उजवा पाय आणि दुसऱ्यावर डावा, एवढ्या भांडवलावर विमा कंपनीचा वकील तारखांमागून तारखा काढू शकतो.

गंमत अशी की कोड वापरायला लागलो तरी आपण दोन संहितांच्या मध्ये उभे आहोत. भारताची ई-आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली, आणि त्यांत जागतिक संघटनेची आयसीडी-१० आहे. त्या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. त्याच पुण्यातले कोडर मात्र अमेरिकन संहितेवर घडले. एस७२.०१ हा कोड जागतिक संहितेच्या ऐच्छिक पाचव्या अंकाने वाचला तर मानेचे उघडे फ्रॅक्चर होते. अमेरिकन संहितेत त्याच आकड्यांनी सुरू होणारे कोड सांध्याच्या आवरणाच्या आतले अनिर्दिष्ट फ्रॅक्चर सांगतात. उघड्या जखमेचा तिथे संबंधही नाही. कोणती संहिता, हे कोडसोबत लिहिले नाही तर कोड निरुपयोगी.

*दुसरा : डॉक्टरला वेळ नाही.* हा आक्षेप मी हलका मानत नाही. सरकारी हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक ओपीडीत सकाळी उभे राहिलेला माणूस तो हलका मानणारच नाही. पण ‘क्षुल्लक पडण्याने, बहुधा ऑस्टिओपोरोसिसमुळे’ हे चार शब्द आहेत. त्यांना वेळ लागत नाही, जबाबदारी लागते. एकदा लिहिले की तपासणी, औषध, फॉलोअप हे सगळे मागून येते. डॉक्टर वेळ वाचवतो असे म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो ही शेपूट टाळत असतो.

*तिसरा : घनतेची तपासणी झालेली नाही, मग निदान लिहायचे कसे?* क्षुल्लक पडण्याने वृद्ध माणसाचा खुबा मोडला आणि दुसरे कारण नाही, तर तेवढ्यावरून ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येते, डेक्सा तपासणीचा आकडा काहीही असो, हे अमेरिकन तज्ज्ञांच्या गटाने २०१४ मध्येच मांडले आहे. आणि अमेरिकन संहितेत दाखल रुग्णाच्या डिस्चार्जवेळी ‘बहुधा’, ‘संशयित’ असे लिहिलेले निदान असल्याप्रमाणे कोड करता येते. बाह्यरुग्णात मात्र येत नाही. खात्री नसल्याचा कागदावर मान राखला जातो; मौनाचा राखला जात नाही.

*चौथा : वर्गीकरणेच विश्वासार्ह नाहीत.* हा सर्वांत बुद्धिमान आक्षेप. गुस्तिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये एक हजाराहून अधिक उघड्या फ्रॅक्चरांवरून ते वर्गीकरण मांडले. १९८४ मध्ये तिसऱ्या प्रकाराचे तीन उपप्रकार पडले. १९९४ मध्ये ब्रमबॅक आणि जोन्स यांनी दाखवले की तीच प्रकरणे पाहून सर्जनांचे एकमत सरासरी ६० टक्केच होते. मग ‘बी’ आणि ‘सी’वर एवढा जोर का? मी मान्य करतो, त्या सीमेवर फार भार टाकू नये. पण मतभेद असलेले निरीक्षण आणि निरीक्षणच नसणे यांत फरक आहे. पहिल्यातली चूक किती आहे हे तरी मोजता येते. त्या दोघांनी तेच केले. दुसऱ्यातली चूक गृहीतकाने झाकलेली असते, ती मोजायलाही सापडत नाही.

*पाचवा : आता हे सगळे संगणक करील.* आपोआप कोड सुचवणारी यंत्रणा चार्टवर जे आहे तेच वाचणार. चार्टवर नसलेले कारण तिने अंदाजाने भरले, तर गृहीतकांची आणखी एक थप्पी तयार होईल, आणि ही पहिल्यासारखी छापील नियमांत जाहीरही नसेल.

नोंदीने काय होऊ शकते

ब्रिटनमध्ये २००७ साली तिथल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या आणि वृद्धवैद्यकाच्या संघटनांनी मिळून खुब्याच्या फ्रॅक्चरांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. प्रत्येक रुग्ण किती तासांत शस्त्रक्रियेला गेला, वृद्धवैद्यकाच्या डॉक्टरने पाहिला का, हाडाच्या आजाराचे मूल्यमापन झाले का, हे प्रश्न सक्तीने समोर येऊ लागले. २०१० पासून ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि हे मूल्यमापन केल्यास हॉस्पिटलला जास्तीची रक्कम मिळू लागली. इंग्लंडच्या हॉस्पिटलांत अशा रुग्णांचा तीस दिवसांतला मृत्युदर २००७ मधल्या १०.९ टक्क्यांवरून २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आला. हे श्रेय एकट्या कागदाचे नाही. पण तिथे कोडच्या जोडीला नेमके ते प्रश्न विचारले गेले ज्यांना आयसीडीत जागा नव्हती, आणि उत्तर न देणे हेही दिसू लागले. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा व्यावहारिक अर्थ तेवढाच आहे.

म्हणून मागणीही लहान आहे. पन्नाशीपुढच्या रुग्णाचे मांडीचे हाड मोडले असेल, तर डिस्चार्ज कार्डावर आणि सरकारी योजनांच्या दाव्याच्या अर्जावर बाजू, नेमकी जागा, बंद की उघडे, कसे पडले, यांच्यानंतर एक रकाना असावा : ‘हाड आधीपासून कमकुवत होते का?’ आणि पुढे तीन पर्याय असावेत. होय. नाही. पाहिले नाही. तिसरा पर्याय निवडणाऱ्या डॉक्टरला दंड नको, नोटीस नको. तो पर्याय छापलेला मात्र हवा, म्हणजे न पाहिलेले ‘नाही’मध्ये मोजले जाणार नाही. तोवर ज्यांच्या घरात कोणाचा खुबा मोडला आहे, त्यांनी कार्ड हातात घेण्याआधी हा प्रश्न तोंडी विचारावा आणि उत्तर त्याच कार्डावर लिहून मागावे.